एका पानात सांगा

माझे यजमान गोविंद गायधनी नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. अर्धं नाशिक त्यांना 'सर' म्हणतं, आणि आता सवयीने मीही चारचौघांत सरच म्हणते. घरात 'अहो'. डोकं फिरलं की तेही नाही. डोकं फिरायला कारणं पुष्कळ होती, पण मूळ दुखणं एकच. या माणसाला साधी गोष्ट साधी सांगता येत नसे. "चहा टाकू का?" विचारलं, तर "तसं पाहिलं तर" इथून सुरुवात व्हायची. तोवर माझा चहा पिऊन व्हायचा.

सासरे त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंचे विधी करायचे. मुलाने तो व्यवसाय केला नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं असं नाही, पण टोमणा मारल्याशिवाय राहायचे नाहीत. म्हणायचे, "आमचंही लोकांना काही कळत नाही रे गोविंदा, पण निदान ते मान तरी डोलावतात. तुझं तासभर ऐकून कोणी मानसुद्धा हलवत नाही." सर हसायचे. तेव्हा हसायचे.

मी श्यामला, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवत होते. सातवीच्या पोरांना निबंध, पत्र, अर्ज. या गोष्टीत माझं काम एवढंच, की मी हे सगळं शेजारी बसून पाहिलं आणि तोंड बंद ठेवलं नाही.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास सरांनी पेठच्या पलीकडच्या डोंगरपाड्यांवर अभ्यास सुरू केला. शनिवारी सकाळी सीबीएस स्टँडवरून एसटी पकडायची, सावळघाट उतरून जायचं, पुढे मिळाली तर जीप, नाहीतर पायी. रविवारी संध्याकाळी बुटाला लाल माती लावून परत. अभ्यासाचा विषय होता लग्न. तिकडे मुलाचं-मुलीचं जमलं की पंच बसतात, नारळ फुटतो, मुलगी नांदायला येते. संसार सुरू होतो, पोरंबाळं होतात. मांडव घालून, गावाला जेवण देऊन करायचं मोठं लग्न मात्र हातात पैसा येईल तेव्हा. कधी पाच वर्षांनी, कधी पोरांच्या लग्नाबरोबर एकाच मांडवात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पंचांनी नवरा-बायको म्हटलं की ते नवरा-बायको. भात आणि नागली निघाली की हीच जोडपी पोरं पाठीला बांधून खाली द्राक्षांच्या कामाला येतात, शिमग्याला परत जातात, आणि मोठं लग्न आणखी एक वर्ष पुढे ढकलतात.

बोरीच्या पाड्यावर सर बारकू भोयेच्या घरी उतरायचे. बारकूची बायको झुंबरबाई. काळी, काटक, बोलायला फटकळ. डोंगरात अहो-जाहो नसतं, सगळ्यांना एकच माप. ती सरांना "मास्तर, तू" म्हणायची, आणि मला पहिल्या भेटीत म्हणाली, "तुजा दादला लय इचारतो गं. खातो कमी, इचारतो जास्त." मला ती तिथेच आवडली. माझ्या मनातलं इतक्या नेमकेपणाने कोणी बोललं नव्हतं.

त्रेण्णवच्या पावसाळ्यात बारकू काविळीने गेला. तीन पोरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. मोठं लग्न 'यंदा करू' म्हणता म्हणता राहून गेलेलं. बारकूला नेलं तेव्हा त्याच्या आईनेच झुंबरबाईच्या बांगड्या फोडल्या. सर त्या दिवशी तिथे होते. घरी येऊन जेवले नाहीत.

सरकारची विधवांसाठी पगाराची योजना होती. डोंगरात पेन्शनला पगारच म्हणतात. झुंबरबाई बारकूचा धाकटा भाऊ भिमाजी याला घेऊन कचेरीत गेली. समोरच्याने विचारलं, लग्न कधी झालं? ती म्हणाली, "व्हायाचं व्हतं." तो म्हणाला, "मग तू विधवा कशी?" झालं! बाईला पुढे काही बोलताच येईना. पुढच्या शनिवारी सर गेले तेव्हा तिने त्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "मास्तर, तू येवडा लिवतो. येवडं एक त्यांना सांग. मी बारकूची बायको हाय. बांगड्या फोडल्या तव्हा कोनी कागद नाय मागला."

सर म्हणाले, "सांगतो." त्या एका शब्दापायी या माणसाने पुढे आपलं आयुष्य झिजवलं, म्हणून तो इथे मुद्दाम लिहिला.

आता कुणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं? कचेरीत जाऊन सांगितलं असतं, की बाबांनो, या भागात पंचांचा शब्द लग्नाचा पुरावा म्हणून धरा. आमच्या सरांनी काय केलं? शोधनिबंध लिहिला. दोनशेच्या वर पानं. शीर्षक मला अजून तोंडपाठ आहे : 'विलंबित विवाहविधी आणि नागरी स्थितीची संदिग्धता : पश्चिम नाशिकमधील काही निरीक्षणे'. मी विचारलं, "अहो, यात झुंबरबाई कुठे आहे?" त्यांनी पानं उलटली आणि एका तळटीपेवर बोट ठेवलं. तिथेही तिचं नाव नव्हतं. 'एक माहितीदार स्त्री' असं होतं.

"नाव द्यायचं नसतं, श्यामला. संकेत आहे."

"मग सरकार पगार कुणाला देणार, तळटीपेला?"

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निबंधाला बक्षीस मिळालं, पुण्याला एका परिसंवादात वाचला गेला. तिथे जमलेले सगळे एकमेकांचे निबंध वाचणारेच होते. एकाने उठून 'संदिग्धता' शब्दावर हरकत घेतली, दुसऱ्याने त्या हरकतीवर हरकत घेतली, मग जेवणाची वेळ झाली. परतीच्या एसटीत सर म्हणाले, "चांगली चर्चा झाली." मी खिडकीबाहेर बघत राहिले. संगमनेरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, यावरून काय ते समजा.

मग त्यांनाच वाटायला लागलं, की हे लोकांपर्यंत गेलं पाहिजे. त्यांचा जुना विद्यार्थी ललित एका वर्तमानपत्रात होता. मुलगा चांगला, मनापासून लिहायचा. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, दोन संध्याकाळी घालवल्या. ललितने लेख नीटच लिहिला होता, मी आधी वाचला होता. पण मथळा देणारा माणूस वेगळा असतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक? रविवारी पेपर उघडला तर चार कॉलमी ठोकळा : 'लग्नाविनाच थाटतात संसार!' आणि खाली डोंगरातल्या कुठल्या तरी बायकांचा फोटो, डोक्यावर हंडे. त्या बायांचा या विषयाशी काडीचा संबंध नव्हता.

तीन दिवसांनी भिमाजी दारात उभा. चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. घडी घातलेला पेपर सरांपुढे टाकला. "खाली कामाला गेलेल्या आमच्या पोरींना लोक इचारतात, तुमच्यात लगीन करत नाय का? हसतात. मास्तर, आमी तुला घरात निजवला." सर मथळ्याचं समजावून सांगायला लागले, की लिहिणारा वेगळा आणि वर शीर्षक घालणारा वेगळा. भिमाजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग तू कोनाला सांगितला ते तरी नीट बघायचा." तो गेल्यावर सर बराच वेळ त्या पेपरपाशी बसले होते. मला त्या दिवशी त्यांची इतकी दया आली, की टोमणासुद्धा सुचला नाही.

तरी ते पाड्यावर जात राहिले. दोन-तीन महिने कोणी धड बोललं नाही. झुंबरबाई मात्र बोलायची. तिला पेपराशी देणंघेणं नव्हतं. तिचा एकच प्रश्न. "सांगितला का?"

सत्त्याण्णवमध्ये एक साहेब आले, जिल्ह्याच्या मोठ्या हुद्द्यावर. उत्साही होते. सरांना बोलावून घेतलं. सर निबंध बगलेत मारून गेले. साहेबांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा वर-खाली केला आणि म्हणाले, "सर, इतकं वाचायला वेळ नाही हो. मला एका पानात द्या."

एक पान! त्या एका पानाने आमच्या घरात दिवाळी होऊ दिली नाही. सर लिहायचे, फाडायचे, पुन्हा लिहायचे. प्रत्येक वाक्यातून काही काढलं की त्यांना बोट कापल्यासारखं व्हायचं. शेवटी पान तयार झालं. मी वाचलं. सुरुवात अशी होती : 'या भागातील अनेक जोडप्यांचा विवाहविधी खर्चाच्या अडचणीमुळे लांबणीवर पडतो.' मग इतिहास, मग रूढी, मग आकडे. आणि अगदी तळाला, शेवटच्या दोन ओळींत, पंचांचा शब्द पुरावा मानावा म्हणजे विधवांना लाभ मिळेल.

मी म्हटलं, "अहो, मागणं खाली कशाला? वर घ्या. मी सातवीच्या पोरांना सांगते, अर्जात आधी विषय लिहायचा."

"हा अर्ज नाही, श्यामला. मांडणीला एक क्रम असतो. आधी पार्श्वभूमी, मग निष्कर्ष, शिफारस शेवटी. निष्कर्षाआधी शिफारस आली तर ते प्रचारकी वाटतं."

"वाटू दे की!"

"तुला नाही कळायचं."

तीस वर्षं ज्या पद्धतीने विचार केला ती एका पानासाठी कोण सोडतं? पान तसंच गेलं. साहेबांनी ते खाली पाठवलं, खालच्याने त्यावर तीन ओळींची टिपणी लिहिली. त्या टिपणीत पहिलं वाक्य आलं, शेवटचं आलं नाही. पान भरलं की तळाचं कोण वाचतं हो? टिपणी फिरत फिरत वर गेली आणि वरून हुकूम सुटला. खर्चामुळे लग्नं होत नाहीत ना? मग आपण लावून देऊ! सामूहिक विवाह सोहळा. मांडव, जेवण, जोडप्याला भांडी, आणि पाहुणे मुंबईहून.

साहेबांनी सरांना फोन करून अभिनंदन केलं. "बघा सर, तुमच्या संशोधनाचं चीज झालं." सर रिसिव्हर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.   

सोहळ्याआधी पाड्यापाड्यावर माणसं फिरली, कोण लग्नाचं आहे त्याची नोंद करायला. मांडवाचं लग्न झालेलं नाही तो अविवाहित, असा त्यांचा हिशोब. आजी-आजोबा झालेल्या जोडप्यांनाही त्यांनी अविवाहित लिहिलं. झुंबरबाईलाही लिहिलं. आजवर सरकारदरबारी ती कोणीच नव्हती. आता ती झाली 'कुमारी झुंबरबाई चिमाजी गावित'. बापाचं नाव, बापाचं आडनाव. तीन पोरांची आई.

अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात तो सोहळा झाला. मी गेले होते. ऊन असं, की मांडवाखाली बसूनही डोळे मिटत होते. जोडपी रांगेने पाटावर बसवलेली, मुंडावळ्या बांधलेली. पिकल्या मिशांचे नवरदेव, शेजारी लाजून हसणाऱ्या म्हाताऱ्या, आणि मागून त्यांची नातवंडं अक्षता फेकतायत. त्यांच्यात लग्न लावते ती धवलेरी बाई, गाणी म्हणून. पण इथे लाऊडस्पीकरवर मंगलाष्टकं, आणि ती म्हणायला सरांचा चुलतभाऊ आल्हाद त्र्यंबकहून आलेला. तो सरांना बघून हात हलवत म्हणाला, "तुझ्या विषयावर शेवटी आमचीच कमाई झाली रे!" त्याचा तरी काय दोष? लोक जेवले, हसले, भांडी घेऊन गेले. बऱ्याच जणांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, हेही खरं. सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही.

सरांना स्टेजवर बोलावून शाल दिली. 'या योजनेचे जनक' असं निवेदक म्हणाला. तेवढ्यात खाली झुंबरबाई आली. धुतलेलं लुगडं, हातात बारकूचा फेटा, आणि बरोबर मोठा मुलगा. गावच्या पंचांनी तिला सांगितलं होतं, की बापाचा फेटा पोराच्या डोक्याला बांधून उभा करू, राहिलेलं लग्न होऊन जाईल. त्यांच्या लेखी ते बरोबर होतं. ती नोंदणीच्या टेबलाशी गेली. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "नवरदेव?"

"वर गेला."

"म्हणजे मयत? मग कसं लावायचं, बाई? सही कोण करणार?" मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. तिच्यामागे भिमाजी उभा होता. तो माणूस दुष्ट नव्हता, उलट मदतच करत होता. म्हणाला, "हा दीर ना? ह्याची बायको गेली म्हणतात. ह्याच्याशी लावून टाकू, तुझं काम होऊन जाईल."

झुंबरबाईने भिमाजीकडे पाहिलंही नाही. "तो लहान व्हता तव्हा म्या त्याला भरवलाय," ती म्हणाली. फेटा काखेत मारला, पोराचा हात धरला आणि चालू लागली. जेवायलाही थांबली नाही. सर शाल अंगावर घेऊन स्टेजवर बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी उठायला हवं होतं, माईक हिसकावून ओरडायला हवं होतं. मी खालून डोळ्यांनी सांगत होते. नाही उठले. घरी आल्यावर म्हणाले, "तिथे काय सांगायचं ते जुळवत होतो, तोवर राष्ट्रगीत सुरू झालं."

पुढची वर्षं मला नीट वेगवेगळी आठवतच नाहीत. साहेब यायचे, साहेब जायचे. एकाला समजावून सांगावं, त्याला समजायला लागावं, की त्याची बदली. नव्याला पुन्हा 'अ'पासून. कोणी म्हणायचं, "तिकडच्या लग्नांचा प्रश्न तर मागेच सुटला ना? सोहळा झाला होता." कोणी म्हणायचं, आकडे द्या. आकडे दिले तर म्हणायचं, जुने आहेत. कोणी कॉम्प्युटरवर चित्रं दाखवून सांगा म्हणालं. आमच्या सईने, म्हणजे आमच्या मुलीने, रात्र जागून ती चित्रं करून दिली. सरांनी चाळीस चित्रं करायला लावली आणि सातव्याला वीज गेली. सर दरवेळी कचेरीबाहेरच्या बाकावर बसायचे, निवृत्त झाल्यावरही. शर्टाची कॉलर विरलेली, पिशवीत तोच निबंध. शिपाईसुद्धा त्यांना ओळखायला लागला होता. माझी चिडचिड कधी संपली ते मलाच कळलं नाही. माणूस चिडतो ते काही तरी होईल असं वाटत असतं तोवर. पुढे पुढे मी त्यांच्या पिशवीत मुकाट्याने डबा ठेवायचे.

एकदा विचारलं, "सोडा ना आता. तुमच्याच्यानं होत होतं तेवढं केलंत." ते म्हणाले, "ती अजून विचारते गं." एवढंच. 'तसं पाहिलं तर' नाही, काही नाही. 

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तालुक्याला एक तरुण अधिकारी आली. ज्योत्स्ना तिचं नाव. सरांना तेव्हा मधुमेहाने पार चिपाड केलं होतं, म्हणून बरोबर मी गेले. दुपारी तीनला आत बोलावलं. तिच्या पुढ्यात फायलींचा ढीग. म्हणाली, "सर, तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी मनात म्हटलं, झालं, आता आदिवासी समाजरचनेपासून सुरू होणार. पण सर इतके दमले होते, की पिशवीची चेनसुद्धा त्यांनी उघडली नाही. खुर्चीचा हात धरून म्हणाले, "ज्या बाईच्या बांगड्या गावाने फोडल्या, तिला सरकारने विधवा म्हणावं."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे ग्रामसभेचा शब्द पुरावा धरायचा. एवढंच ना? हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

देवा रे! मला हसू आलं की रडू, ते अजून ठरत नाही. सर बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "जमलं वाटतं." आनंद असा नव्हता त्यांच्या तोंडावर. लांबून चालत आलेल्या माणसाने चपला काढाव्यात, तसे बसले होते.

पावसाळा संपता संपता त्या तालुक्यापुरतं पत्र निघालं. ज्योत्स्नाने स्वतः फोन करून कळवलं. आम्ही दोघं बोरीच्या पाड्यावर गेलो. आता डांबरी रस्ता झाला होता, जीप पार चावडीपर्यंत गेली. त्या दिवशी नेमकी ग्रामसभा होती आणि पगाराचं वाटपही. पोस्टाचा माणूस टेबल मांडून बसलेला. ग्रामसेवक नावं पुकारत होता, म्हातारी माणसं एकेक उठत होती. आणि त्याने पुकारलं, "कुमारी झुंबरबाई चिमाजी गावित!"

ओट्याच्या कडेला बसलेली पोरं फिस्सकन हसली. बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. एक जण म्हणाला, "आजीला नवरा बघा रे!" झुंबरबाई उठली. केस पांढरे झालेले, कमरेत वाकलेली. अंगठा दिला, नोटा कनवटीला लावल्या आणि परत जागेवर बसली. कुणाकडे पाहिलं नाही. हे दर महिन्याला होत होतं.

भिमाजीने आम्हाला सांगितलं. वर्षभरापूर्वी तिचा म्हातारपणाचा पगार सुरू झाला होता. त्याला नवऱ्याचं नाव लागत नाही, वय झालं की पुरे, आणि तिचं वय पांढरे केस बघून अंदाजानेच चढवून लिहिलेलं. पण यादी जुनी, सोहळ्याच्या वेळची. कुमारी होती ती कुमारीच राहिली.

सरांनी ग्रामसेवकाला पत्र दाखवलं. त्याने वाचलं आणि डोकं खाजवलं. "सर, पत्र बरोबर आहे. पण एका बाईला दोन पगार नसतात. विधवा म्हणून नोंद करायची तर आत्ताचा बंद करावा लागेल. मग नवीन प्रकरण वर जाणार, मंजूर होणार. कधी, ते मी नाही सांगू शकत. सहा महिने, वर्ष. नाही झालं तर दोन्हीकडून गेली. आणि पैसे तेवढेच. हिला यात काय फायदा?"

खरंच होतं त्याचं. काय फायदा? सर झुंबरबाईपाशी गेले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. एकेक गोष्ट, लहान लहान वाक्यांत. आत्ताचा बंद होईल. नवा कधी येईल सांगता येत नाही. कदाचित येणारही नाही. पैसे वाढणार नाहीत. इतकं स्वच्छ बोलताना मी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि शेवटी म्हणाले, "उशीर झाला, झुंबरबाई. माझ्याकडून उशीर झाला. आता आहे ते राहू दे."

तिने ऐकून घेतलं. तिला सगळं समजलं होतं, तोंडावरच दिसत होतं.

"बंद कर," ती म्हणाली.

"अगं, खाशील काय?" हे मी बोलले. मला राहवेना. "थोरला लेक द्राक्षांवर, मधला कुठे तो पत्ता नाही. खाशील काय तू?"

"आदी काय खात व्हते? नागली हाय. लेक हाय. दीर हाय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, तुला कोनी तुज्या बापाच्या नावानं हाक मारत नाय ना? मला महिन्याच्या महिन्याला मारतात. बारकू सपनात येतो नं इचारतो, म्या कुनाचा कोन व्हतो?"

 सरांनी ग्रामसेवकाकडे पाहून मान हलवली.

ग्रामसभेपुढे विषय निघाला. पंच म्हातारे झाले होते, दोघे तर उरलेच नव्हते. भिमाजी उभा राहिला. "ही माज्या भावाची बायको. माज्या आईनं हिच्या बांगड्या फोडल्या. म्या व्हतो." मग आणखी एक उठला, मग एक म्हातारी. कुणी नाही म्हटलं नाही. ग्रामसेवकाने लिहून घेतलं, जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि झुंबरबाईचा अंगठा घेतला. मग तिला ऐकू जाईल असं, पुढे वाकून, त्याने हळूच वाचलं, "श्रीमती झुंबरबाई बारकू भोये. विधवा."

विधवा हा शब्द ऐकून कुणाचा चेहरा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे त्या शब्दाने घर काळवंडतं. ही बाई तो ऐकून ताठ झाली, पदर नीट केला. आणि ओट्याच्या कडेला बसलेल्या त्या पोरांकडे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"येवडा बारीक नको वाचू," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "उभा ऱ्हा, नं जोरानं वाच. तिकडं पार ऐकू गेलं पायजे."